मधली वाटी

अमेरिकेत कुठल्याही पार्टीला गेलात तरी टेबलाच्या एका टोकाला प्लास्टिकचं एक गोल तबक असतंच. कडेनं कप्पे. एकात बेबी गाजरं, एकात सेलरीच्या कांड्या, एकात ब्रोकोलीचे तुरे, एकात चेरी टोमॅटो, आणि मधोमध एक वाटी. वाटीत पांढरं, दाट, खारट-आंबट असं डिप. कडेची भाजी यजमानाच्या मनाच्या समाधानासाठी असते, मधली वाटी पाहुण्यांसाठी. पार्टी संपते तेव्हा वाटी चाटूनपुसून स्वच्छ झालेली असते आणि भाजी जवळजवळ होती तेवढीच उरलेली असते. गाजर हा तिथे चमचा असतो, एवढंच. काही धीट मंडळी एकच गाजर पुन्हापुन्हा बुडवतात, आणि बाकीचे तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघतात.

या वाटीचा इतिहास फार जुना नाही. १९५२ साली लिप्टन कंपनीनं कांद्याच्या सुक्या सूपची पुडी बाजारात आणली. पाणी घालून उकळा आणि प्या, एवढाच तिचा हेतू. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये कुणीतरी ती पुडी थेट सावर क्रीममध्ये कालवली. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. (बाईच असणार, असं मी धरून चालते. पाहुणे दारात आणि घरात सूपची पुडी, ही अवस्था पुरुषांवर तेव्हा क्वचितच यायची.) लोक त्याला कॅलिफोर्निया डिप म्हणू लागले, आणि १९५८ मध्ये कंपनीनं ती कृती खोक्यावरच छापून टाकली.

त्याच १९५४ साली स्टीव्ह हेन्सन नावाच्या एका प्लंबरनं सांता बार्बराजवळ एक रँच विकत घेतलं आणि त्याचं नाव हिडन व्हॅली ठेवलं. अलास्कात कामगारांसाठी रांधताना त्याला ताक-मेयोनीजचं एक ड्रेसिंग जमलं होतं, ते तो इथल्या पाहुण्यांना वाढायचा. पाहुण्यांना डोंगर, घोडे यांच्यापेक्षा ते ड्रेसिंगच जास्त आवडलं आणि ते बरणी भरून घरी नेऊ लागले. १९७२ मध्ये क्लोरॉक्सनं तो धंदा ८० लाख डॉलरला घेतला. क्लोरॉक्स म्हणजे ब्लीच विकणारी कंपनी. पांढऱ्या रंगातलं त्यांना कळत असावं.

आणि बेबी गाजरं? ती मुळात बाळं नव्हेतच. बेकर्सफील्डचे माइक युरोसेक हे शेतकरी वाकडी-मोडकी गाजरं टाकून देऊन वैतागले होते. १९८६ मध्ये त्यांनी शेंगा कापायच्या यंत्रात चांगली थोराड गाजरं घातली, दोन-दोन इंचांचे तुकडे पाडले आणि तासून गुळगुळीत केले. म्हणजे हे बाळसं यंत्रानं आणलेलं आहे. या तबकात थोडी लबाडी पहिल्यापासूनच आहे, आणि खरं सांगायचं तर मला तिचा राग येत नाही.

आमच्या घरी या तबकावर संकट आलं ते नवऱ्यानं पेलिओ धरल्यावर. या पंथाचं म्हणणं थोडक्यात असं: शेती सुरू होऊन जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली, त्याआधी लाखो वर्षं माणूस शिकार, मासे, कंदमुळं, फळं यांवर जगला, आपलं शरीर त्या काळात घडलं, तेव्हा खाणंही त्याच काळातलं हवं. १९७५ साली वॉल्टर व्हॉग्टलिन या पोटविकारतज्ज्ञांनी अश्मयुगीन आहारावर स्वतःच पुस्तक छापून काढलं. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख लिहून विषयाला कोट-टाय चढवला, आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन या प्राध्यापकांच्या पुस्तकानं तो घराघरांत नेला. आमच्या घरात तो जिमच्या दारानं शिरला.

पोळी गेली, भात गेला. वरण, उसळ, दही, साखर, सगळं गेलं. तुपावर पंथात दोन तट आहेत, बटाट्यावर आहेत, फरसबीवरही आहेत: कोवळी शेंग चालते पण आतला दाणा चालत नाही, असं एक सूक्ष्म मत आहे. स्मार्त आणि भागवत अशा दोन-दोन एकादश्या कॅलेंडरात पाहत वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही. शिवाय कॉर्डेन यांनीच नवशिक्यांना आठवड्याला तीन जेवणं मोकळी दिली आहेत, त्या तीन वेळा काहीही खा. ही सवलत नवऱ्यानं नियमांपेक्षा आधी पाठ केली.

एरवी मी मनावर घेतलं नसतं. ज्याचा उपास त्याला, आपण आपला वरणभात लावावा. पण फेब्रुवारीत सुपर बोलचा रविवार आला. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, नवऱ्यालाही कळतं असं नाही, पण त्या दिवशी चार माणसं घरी बोलवायची हा इथला सण आहे, आणि सण म्हटला की आम्ही मागे हटत नाही. विंग्ज एका घराकडे, ग्वाकामोले दुसऱ्या घराकडे, तबक आमच्याकडे. आणि नवऱ्यानं जाहीर केलं की डिप आपल्या पथ्यात बसणारं हवं, म्हणजे जिममधल्या मित्रांनाही चालेल.

सावर क्रीमचं डिप मी फार पूर्वीच सोडलं होतं. आदल्या रात्री दही फडक्यात टांगायचं, सकाळी चक्का काढायचा, त्यात लसूण, हिरवी मिरची, पुदिना आणि मीठ लावून घट्ट पिळलेली काकडी. शेजारीण चव घेऊन म्हणायची, "ग्रीक योगर्ट ना?" मी हो म्हणायचे. श्रीखंडापर्यंतची सगळी वाट चालत तिला कोण घेऊन जाणार! तर आता तो चक्काही बाद, कारण अश्मयुगात म्हैस पाळलेली नव्हती.

दुसरा आधार दाण्याच्या कुटाचा. मराठी स्वयंपाकात कूट हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. कोशिंबिरीला पाणी सुटलं, कूट घाला. भरीत जहाल झालं, कूट घाला. चार माणसं वाढली, दोन मुठी कूट घाला. पण शेंगदाणा पडला हरभऱ्या-वाटाण्याच्या भाऊबंदांतला, म्हणजे कडधान्य, म्हणजे निषिद्ध. उपासाला चालणारा शेंगदाणा पेलिओला चालत नाही हे ऐकून मी खुर्चीत बसले. मग हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं तर त्यात गव्हाचं पीठ. बाजारातला बहुतेक हिंग पिठात मिसळूनच येतो. बिनकुटाचा, बिनदह्याचा, बिनहिंगाचा मराठी स्वयंपाक म्हणजे काय उरतं, हे मी त्या दिवशी ओट्याशी उभी राहून मोजत होते, तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन आला.

"नक्की काय खात नाहीत जावई?" आईनं विचारलं.

मी यादी वाचली. मग म्हटलं, "अगं, शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा ना, तेवढंच खायचं, असं आहे ते."

आई क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे ऋषिपंचमीच की!"

मी इतकी वर्षं पेलिओबद्दल वाचते आहे, पण एवढं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही. भाद्रपद शुद्ध पंचमी, गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, आणि तेल नाही, कारण घाणा बैल ओढायचा. परसात, वईवर, बांधावर आपसूक किंवा हातानं लावलेलं जे उगवेल तेवढंच: अळू, सुरण, लाल भोपळा, माठ, दोडका, पडवळ, कच्ची केळी, मक्याचं कणीस, आंबटपणाला चिंच, तिखटाला हिरवी मिरची, वर ओलं खोबरं. आमच्याकडे मंडईत आदल्या दिवशी या भाज्यांचे मिश्र वाटे लावून विकायला बसतात. त्या व्रतामागची विटाळाची कथा मला पटत नाही, आणि आता आईलाही पटत नाही. भाजी मात्र आम्ही दोघी सोडायला तयार नाही.

"पण ऋषिपंचमी वर्षातून एकदा असते," आई म्हणाली. "हे रोज पाळायचं म्हणजे एवढं केलंय तरी काय त्यांनी?"

मी तिला सांगितलं की इथे शेतात बैल नसतोच, सगळं ट्रॅक्टरवर. आईनं निकाल दिला, "मग तुमच्याकडे बारा महिने ऋषिपंचमी. खाऊ दे की त्यांना पोळी!"

हा युक्तिवाद नवऱ्यापुढे टिकला नाही, पण माझ्या डोक्यातून गेला नाही. आम्ही राहतो ते न्यू जर्सी मुळात लेनापे लोकांचं. ते मका, घेवडा आणि भोपळा पिकवायचे. बैल नाही, नांगर नाही; गुरं इथे आली ती युरोपातून माणसं आल्यावर. म्हणजे लेनापेंचं अख्खं शेत ऋषिपंचमीच्या ताटात बसतं. पेलिओच्या ताटात मात्र मका धान्य म्हणून बाद, घेवडा कडधान्य म्हणून बाद, आणि बिचारा भोपळा एकटाच आत. रेघ कुठे मारायची यावर सगळं आहे. कुणी बैलाशी मारतो, कुणी कुदळीशी.

आणि अश्मयुग तरी पुस्तकात आहे तेवढं सोवळं कुठे होतं? जॉर्डनच्या वाळवंटात शुबायका नावाच्या ठिकाणी चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडले आहेत. सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्याही चारेक हजार वर्षं आधीचे. रानातलं धान्य वेचून, कुटून, पीठ करून कुणीतरी ती भाजली होती. भाकरीसाठी एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाला "तुला धान्य पचत नाही" हे सांगायला कुणी गेलं असतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक; हातात वरवंटा असणार. मार्लीन झुक या जीवशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये 'पेलिओफँटसी' नावाचं पुस्तकच लिहिलं. माणसाची उत्क्रांती अश्मयुगात येऊन थांबली नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि दाखला दुधाचा: गुरं पाळणाऱ्या समाजांत मोठेपणीही दूध पचवण्याची ताकद गेल्या काही हजार वर्षांतच पसरली. हे मी चक्क्याची बाजू म्हणून नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं आणि अंडी उकडायला ठेवली.

तबकाचं तर विचारूच नका. ब्रोकोली, फ्लॉवर, कोबी, नवलकोल, केल ही सगळी एकाच रानटी झाडाची लेकरं. कुणी पानं वाढवली, कुणी फूल, कुणी खोड, आणि हे सगळं शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून केलं. केशरी गाजर हेही शेतकऱ्यांच्याच हातचं. अश्मयुगातला माणूस सुपर बोलला आला असता तर त्या तबकातली एकही वस्तू त्याला ओळखू आली नसती. कदाचित विंग्ज आल्या असत्या.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर डिप करायचं होतंच. वाद घालून वाटी भरत नाही.

पहिला विचार अर्थातच वांग्याच्या भरताचा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते योग्यच आहे. पण इथलं जांभळं भलंमोठं वांगं जाड सालीचं आणि बियांचं. त्यात कूट नाही. शिवाय भाजलेल्या वांग्याचा रंग. अमेरिकन माणूस मधल्या वाटीत पांढरं नसेल तर गाजर हातात धरून विचारात पडतो. म्हणून फ्लॉवर.

एक मध्यम गड्डा घ्यायचा, तुरे मोकळे करायचे, ऑलिव्ह तेल आणि मीठ चोळून ओव्हनमध्ये ४२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २२० सेल्सिअसला, कडा तपकिरी होईपर्यंत भाजायचे. अर्धा तास लागतो. त्याच ताटात लसणाच्या चार-पाच पाकळ्या सालीसकट टाकायच्या. कच्चा लसूण डिपमध्ये दुसऱ्या दिवशी भांडायला लागतो, भाजलेला गोड होतो. एकीकडे अर्धी वाटी काजू गरम पाण्यात भिजत घालायचे आणि दोन मोठे चमचे तीळ कोरडे भाजून घ्यायचे. मग आधी काजू आणि तीळ थोड्या पाण्यावर गंधासारखे मऊ वाटायचे, नंतर त्यात फ्लॉवर, सोललेला लसूण, हिरवी मिरची, एका लिंबाचा रस. कोथिंबीर मिक्सरमध्ये घालू नये, रंग हिरवट होतो आणि पुन्हा गाजर विचारात पडतं. ती चिरून वरून. फोडणी मोहरी-कढीपत्त्याची. मला खोबरेल तेलाची हवी होती, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि फेब्रुवारीत आमच्या स्वयंपाकघरातला पारा तिथवर चढत नाही. अ‍ॅव्होकॅडोचं तेल थिजत नाही आणि पंथालाही मान्य आहे.

काजू अर्धीच वाटी, हे मुद्दाम. या पंथातले लोक सावर क्रीमच्या जागी नुसत्या काजूंची मलई करतात आणि तिला निरोगी म्हणतात. सावर क्रीमच्या एका कपात साधारण साडेचारशे उष्मांक असतात. एक कप काजूंत सातशेच्या पुढे. पथ्यात बसणं आणि हलकं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे साबुदाण्याची खिचडी खाऊन एकादशी करणाऱ्यांना मी सांगायला नको. बाकी काजू पेलिओला चालतो ही मोठीच मौज आहे. तो मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, तिथून कोकणात पसरला. त्याच्या टरफलातला चीक इतका जहाल की हात सोलवटतात. भाजल्याशिवाय, हत्यारांशिवाय आतला गर निघत नाही. युरोपातल्या गुहेत हा कसा पोचला असेल, विचारू नये. माझे काजू वेंगुर्ल्याचे होते, बहिणीच्या बॅगेतून आलेले.

भाजीतही थोडी सुधारणा केली. ब्रोकोली उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून बर्फाच्या पाण्यात टाकली; रंग खुलतो आणि तो कच्चा उग्र वास जातो. सेलरीला रजा दिली. नवलकोलाच्या कांड्या, मुळा, काकडी, लाल सिमला मिरची, आणि वाफवलेल्या रताळ्याच्या चकत्या. रताळं कंद आहे, त्यावर उपासवाले आणि पेलिओवाले दोघांचंही एकमत आहे.

रविवारी मंडळी आली. जिममधल्या मित्रानं आधी घटकपदार्थ विचारले, मग चव घेतली, मग वाटीजवळ खुर्ची ओढली. शेजारीण म्हणाली, "ग्रीक योगर्ट ना?" मी या वेळी नाही म्हटलं, आणि तिला फ्लॉवर सांगितल्यावर तिनं वाटीकडे आदरानं पाहिलं. एका पोरानं रँच ड्रेसिंग आहे का विचारलं. होतं, फ्रिजच्या दारात, मी दिलं. अश्मयुग पाळायचं तर घरात आलेल्या पोराला उपाशी ठेवू नये, एवढं तरी पाळावं. महाराष्ट्र मंडळातली मैत्रीण उशिरा आली. तिनं एक घास घेतला, डोळे बारीक केले आणि मराठीत म्हणाली, "अगं, हे तर फ्लॉवरचं भरीत! कूट का नाही घातलंस?"

नवऱ्यानं त्या संध्याकाळी आपल्या मोकळ्या जेवणांपैकी एक वापरायचं ठरवलं आणि पिझ्झा खाल्ला. ज्याच्यासाठी फ्लॉवर भाजला, हिंग वगळला, कुटाच्या बरणीकडे पाठ केली, तो चीज ओढत बसला होता. मी काही बोलले नाही. माझ्याकडे एकादशी दुप्पट खाशी ही म्हण तयार होती, पण पाहुण्यांदेखत कशाला?

पण एक गोष्ट खरी आणि ती मी पेलिओच्या खात्यावर जमा करते: त्या रात्री भाजी संपली. नवलकोलसुद्धा. डिप जरा कमी खारट असलं की माणूस त्यासाठी वेगळी भाजी शोधतो, असा माझा कयास आहे. आता घरी दोन्ही प्रकार होतात: नवऱ्यासाठी काजूचं, आणि माझ्यासाठी त्यातच दोन चमचे चक्का आणि वर सढळ हातानं कूट. दुसरं जास्त चांगलं लागतं. हे मी निःपक्षपातीपणे सांगते आहे.

करून पाहणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. डिप आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर चव मुरते; फोडणी मात्र आयत्या वेळी द्या. आणि ते दुसऱ्याच्या घरी नेणार असाल तर वाटीशेजारी एक चिठ्ठी ठेवा: यात काजू आणि तीळ आहेत. दोन्हींची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. अमेरिकेत तर १ जानेवारी २०२३ पासून तीळसुद्धा वेष्टनावर ठळक सांगावे लागणाऱ्या पदार्थांच्या यादीत आले आहेत. पांढऱ्या वाटीकडे पाहून ते कुणालाच कळत नाही.